दोन, चार, एक, सहा

चारुदत्त गोगटे माझा शेजारी. आमच्या घरांच्या मधोमध कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे आणि जन्मापासून आमचं बहुतेक बोलणं त्या गडग्यावरूनच झालेलं आहे. मी तीन वर्षांनी मोठी, म्हणून तो मला कमलाताई म्हणतो. मी त्याला चारू म्हणते, आणि चिडले की चारुदत्त. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, ते विचारणाऱ्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा इथेही सांगणार नाही. तहसील कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले. आता चार माड, दोन कलमं आणि एक बोका एवढाच माझा संसार आहे.

चारू मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. तिथे दाब मोजणारी गेजं बनत आणि ती बरोबर दाखवतात की नाही हे तपासून पाहायचं काम त्याच्याकडे होतं. तपासल्याशिवाय एकही गेज त्याने बाहेर जाऊ दिलं नाही. या कामाने माणूस बिघडला असं माझं स्पष्ट मत आहे. 'साधारण' हा शब्द त्याला चालत नाही. मी म्हणावं, पाऊण वाटी तांदूळ दे, तर हा वाटी डोळ्यांसमोर धरून पाऊण कुठे येतं ते बघत उभा. त्याची बायको काविळीने गेली तेव्हा अनिश पाच वर्षांचा होता. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. बापलेक दोघेच राहिले.

बापलेकांना नाद लागला तो बाणांचा. दिवाळीत सोडतात त्या बाणांपासून सुरुवात झाली आणि मग बाण मोठे मोठे होत गेले. "बाण नाही, रॉकेट," असं दोघेही मला एका सुरात दुरुस्त करायचे. कापडाच्या ताग्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असते ती कापडाच्या दुकानातून मागून आणायची, तिला प्लायवूडचे पंख लावायचे. दारू भरायचं काम जत्रांमध्ये आतषबाजी करणाऱ्या एका परवानेवाल्याकडे. पोलीस ठाण्यात आधी सांगून यायचं. तिथले हवालदार चारूला 'काय बाणवाले' म्हणायचे आणि अर्जावर सही करायचे. मग पावस गावाच्या वाटेवरच्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन ते रॉकेट सोडायचं आणि काजूच्या झाडीत शोधत हिंडायचं. गावात या नादाची थट्टा होई. मीही करायचे. पण छत्र्या मीच शिवायचे. छत्री म्हणजे पॅराशूट. रॉकेट वर पोचलं की छत्री उघडली पाहिजे, म्हणजे ते अलगद खाली येतं.

अनिश अमेरिकेला शिकायला गेला तो १९९९ साली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात दोघांनी एक मोठं रॉकेट बांधलं. माझ्या खांद्याएवढं उंच. त्याला छत्री मोठी हवी म्हणून मी माझी भगवी नायलॉनची साडी दिली. ती साडी मला कधीच आवडली नव्हती, पण नायलॉन मरत नाही आणि मी टाकत नाही. रॉकेट पुरं झालं तेव्हा पावसाला सुरुवात झालेली. अनिश म्हणाला, "बाबा, मी आल्यावर उडवू. तोवर याला एक विश्वासाचा अल्टिमीटर शोधतो." आणि रॉकेट पडवीच्या वाशांना आडवं टांगून तो निघून गेला.

हा अल्टिमीटर म्हणजे काय, ते चारूने मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी कुणालाही समजावू शकते. वर जावं तशी हवा विरळ होते. काड्याच्या पेटीएवढं हे यंत्र रॉकेटाच्या पोटात बसतं, नळीला ठेवलेल्या बारीक भोकांमधून त्याला बाहेरची हवा लागते आणि त्या हवेवरून ते ओळखतं की आपण किती उंच आलो. चढणं संपून उतरणं सुरू होतं, नेमकं तेव्हा ते छत्री उघडतं. लवकर उघडली तर कापड फाटतं. उघडलीच नाही तर रॉकेट सरळ कातळावर. म्हणून चारू म्हणायचा, "बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये."

अमेरिकेत या नादाच्या लोकांचे क्लब आहेत म्हणे. अनिश तिथे रमला. रविवारी फोन यायचा तो अर्धा अभ्यासाचा आणि अर्धा अल्टिमीटरचा. अमक्याने हा वापरला, वाऱ्याच्या झोताने फसला. तमक्याने तो वापरला, बॅटरीची तार निसटली. अशी तीन वर्षं गेली. मग २००२ च्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला तेव्हा चारू गडग्यापाशी धावत आला होता. "सापडला गो! त्याने स्वतःच्या रॉकेटात घालून पाहिला. म्हणाला, बाबा, हाच. आपल्या रॉकेटात हाच बसवायचा, मी डिसेंबरात घेऊन येतो."

डिसेंबरात अनिश आला नाही. नोव्हेंबरातच तिकडे त्याच्या गाडीला ट्रकने ठोकरलं. जे व्हायचं ते सगळं तिकडेच झालं. चारूला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. यावर मी अधिक काही लिहिणार नाही, कारण मला लिहवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अनिशच्या मित्रांनी त्याचं सामान पाठवलं. कपडे, पुस्तकं आणि बनियनमध्ये गुंडाळलेला तो अल्टिमीटर.

त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते आणि गडग्यापलीकडून पीप-पीप असा आवाज आला. दोनदा वाजलं. जरा थांबून चारदा. मग एकदा. मग सहादा. मी बाहेर आले तर चारू पडवीत खुर्चीवर बसलेला, यंत्र तळहातावर. मला बघून म्हणाला, "हे सुरू केलं की आधी मागच्या उड्डाणाची उंची सांगतं. दोन हजार चारशे सोळा फूट. अनिशचं शेवटचं उड्डाण."

मग रोजचंच झालं. दिवेलागण झाली की पलीकडून दोन, चार, एक, सहा. मी त्या यंत्राला पिपाणी म्हणायचे. मला आधी राग यायचा. माणूस दुसरं काही बोलत नव्हता, कुणाकडे जात नव्हता, कारखान्याची नोकरी मुदतीआधी सोडली होती. मिरकरवाड्याचा भिवा खारवी त्याचा जुना मित्र, चारूने त्याच्या होडीच्या इंजिनाचं गेज एकदा नीट करून दिलं होतं तेव्हापासूनचा. तो येऊन तासभर बसायचा आणि एकटाच बोलून परत जायचा. चारू दिवसभर गप्प राहायचा आणि संध्याकाळी ती पिपाणी त्याच्या वतीने बोलायची. त्या घरात तेवढाच आवाज उरला होता.

असं वर्ष जात आलं. मग २००४ च्या जानेवारीत सड्याचा मालक मुंबईहून आला आणि सांगून गेला की शिमगा झाला की तिथे सुरुंग लावून खड्डे पाडायचे, हापूसची कलमं लावायची आणि कुंपण घालायचं. आता या भागातला एकेक सडा असाच चाललाय. चारू दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी गडग्यापाशी येऊन म्हणाला, "कमलाताई, रॉकेट उडवायला पायजे. नाय तर ते वाशांनाच राहील."

मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस हलला एकदाचा. पण हलून तो अडकला तो त्याच पिपाणीत.

कारण ते यंत्र एकच उंची लक्षात ठेवतं. नवीन उड्डाण झालं की जुना आकडा पुसला जातो. अनिशचा अल्टिमीटर रॉकेटात घातला तर रॉकेट वाचणार, पण दोन, चार, एक, सहा कायमचं जाणार. आणि दुसरा कुठला घातला, तो फसला, तर लेकाने बांधलेलं रॉकेट कातळावर आपटून जाणार.

"आकडा लिहून ठेव," मी म्हटलं.

"आकडा पाठ आहे."

"मग टेप करून ठेव. सोप्पं आहे."

"टेप केलं तर ते टेप बोलतं. हे अनिशने वर सोडलं होतं म्हणून बोलतं."

मी बोक्याला दूध घालायला आत गेले.

तेव्हा चारूने ठरवलं, अल्टिमीटर आपणच बनवायचा. कारखान्यातल्या जुन्या ओळखीने दाबाचा एक सेन्सर मिळवला, महिनाभर तारांना डाग देत बसला आणि बनवला. आता तपासणी. त्यासाठी माझी लोणच्याची काचेची बरणी नेली. झाकणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवला आणि पंप उलटा करून बरणीतली हवा काढायला लागला. हवा विरळ झाली की आतल्या यंत्राला वाटतं आपण वर चाललो. हवा परत सोडली की त्याला वाटतं आपण उतरायला लागलो, आणि त्या क्षणाला त्याला जोडलेला बॅटरीचा छोटा दिवा लागला पाहिजे. बरणीला कितीही धुतलं तरी कैरीचा वास जात नव्हता. दिवा लागत होता. चारूचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला.

मग एका लहान रॉकेटात ते घालून सड्यावर सोडून पाहिलं. सरळ वर गेलं, सरळ खाली आलं आणि कातळावर त्याचे चार तुकडे झाले. छत्री उघडलीच नाही. चारू तुकडे घेऊन घरी आला, पडवीत बसला आणि भिंग लावून बघत राहिला. मग मला हाक मारली. नळीच्या हवेच्या भोकांमध्ये माती भरलेली. कुंभारणीने घर केलं होतं! कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी काळी माशी. आमच्याकडे नळाची तोटी, कुलूप, कपाटाच्या फटी, काही सोडत नाही ती. रॉकेट आठवडाभर पडवीत पडून होतं तेवढ्यात तिने तिन्ही भोकं लिंपून टाकली होती. यंत्राला हवाच लागली नव्हती. सगळं जग तपासणाऱ्या माणसाने भोकात डोकावून पाहिलं नव्हतं. मी हसले, आणि देवाशपथ, तोही हसला.

"म्हणजे यंत्राचा दोष नाही," मी म्हटलं. "सुटलास. हेच बसव."

सगळा दोष कुंभारणीचा असता तर किती बरं झालं असतं. दुसरा कुणी असता तर त्याने तसंच धरून चाललं असतं. यंत्र शाबूत होतं, हा परत बरणी घेऊन बसला. सकाळच्या कोरड्या हवेत दिवा बरोबर लागायचा. संध्याकाळी खारा दमट वारा सुटला की कधी लागायचा, कधी नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्याने बरणी गडग्यावर आणून ठेवली.

"बहुतेक वेळा बरोबर चालतंय," तो म्हणाला.

चारूच्या तोंडून 'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्याला स्वतःशी खोटं बोलायचं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. मला त्याची फार दया आली, आणि दया आली की मी चिडते.

"चारुदत्त," मी म्हटलं, "अनिशने ते यंत्र आकडा ऐकायला घेतलं होतं, का छत्री उघडायला?"

त्याने बरणी गडग्यावरून उचलली. मला वाटलं आता हा गडग्याकडे कधी फिरकणार नाही. पण तो म्हणाला, "छत्री उघडायला."

"मग?"

"पण ते मी तपासलेलं नाय गो. बरणीत घातलं तरी आकडा पुसला जातो."

खरंच की. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याने जन्मभर तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला हे न तपासताच वर पाठवायचं होतं. नाही तर बरणीत, कैरीच्या वासात, तो आकडा पुसून टाकायचा होता.

"बरणीत नको," शेवटी तोच म्हणाला. "पुसायचा तर वर पुसू दे. अनिशने तपासलंय ना, म्हणाला होता हाच. बास झालं."

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही तिघं सड्यावर गेलो. चारू, मी आणि भिवा. रॉकेटाची भोकं चारूने टाचणीने तपासली, मग परत तपासली, मग मला तपासायला लावली. पहाटेचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडला होता आणि समुद्राकडचा खारा अजून सुटायचा होता. मधल्या त्या थोड्या वेळात पानसुद्धा हलत नाही. सुकलेलं गवत, काळा कातळ आणि लांबवर समुद्राची पट्टी. इतक्या मोठ्या सड्यावर आम्ही तीन म्हातारी माणसं होतो.

चारूने यंत्र सुरू केलं. ते त्याच्या ओळखीचं बोललं. दोन, चार, एक, सहा. त्याने ते पूर्ण ऐकलं, मग नळी बंद केली.

"चारूभाव, वारा पडलाय तवर सोडा," भिवा म्हणाला. "मागाहून नाय आवरायचा तो."

चारू तार घेऊन लांब जाऊन उभा राहिला. बटणावर बोट, पण दाबेना. मी जवळ गेले. तो म्हणाला, "उलटे आकडे अनिश मोजायचा."

मग मी मोजले. कचेरीत पुकारा करायचे त्या आवाजात. पाच, चार, तीन, दोन, एक.

रॉकेट गेलं. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या बाणांत एवढा सरळ एकही गेला नव्हता. मोठा आवाज, पांढऱ्या धुराची रेघ आणि मग नुसतं निळं आभाळ. काहीच दिसेना. चारूने डोळे मिटून घेतले होते. मी त्याचा दंड धरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. किती वेळ गेला मला माहीत नाही, फार गेला. मग भिवा ओरडला, "ताय, तुमची साडी! ती बगा साडी!"

भगवा ठिपका. तो मोठा होत गेला, हळूहळू डुलत खाली आला आणि करवंदीच्या एका जाळीवर टेकला. त्या साडीला मी जन्मभर नावं ठेवली होती. तिथे उभी राहून मी रडले आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही.

चारू धावत गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसलेला होता. रॉकेटाला ओरखडासुद्धा नव्हता, साडी कुठे फाटली नव्हती. आतून पिपाणी वाजत होती. एक. आठ. पाच. तीन. पुन्हा एक, आठ, पाच, तीन. त्याने कान लावून दोनदा ऐकलं आणि बंद केलं.

"बरोबर उघडली," तो म्हणाला. "नेमकी वर."  घरी येऊन त्याने रॉकेट परत वाशांना टांगलं आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मी दाराशी जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत गेले. खरं सांगते, मला करमेना. वर्षभर मी त्या आवाजाला नावं ठेवली, आणि आता कळलं की दिवेलागणीला माझ्याही घरात तेवढंच कुणीतरी बोलत होतं. पडवीत चारूची खुर्ची रिकामी. आत दिवासुद्धा लावलेला नव्हता. त्याला जाऊन सांगायचं तरी काय? आकडा का छत्री, हे विचारणारी मीच.

तिसऱ्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, आणि घंटा हलवण्याऐवजी मी ती डाव्या हातात धरली आणि पंचपात्रातली पळी उचलली. पळीने घंटेवर ठोके दिले. दोन. थांबले. चार. थांबले. एक. थांबले. मग सहा द्यायला लागले. पाचव्यावर मला अनिशचा 'रॉकेट म्हण ना गं, कमलाआत्या' हा आवाज आठवला आणि हात तिथेच थांबला.

सगळीकडे सामसूम. मग पलीकडे दाराची कडी वाजली.

"एक राहिला!" चारू ओरडला.

"काय?"

"पाचच झाले. शेवटचे सहा आहेत. अर्धवट काय वाजवतेस?"

मी सहावा ठोका दिला. तो गडग्यापाशी आला होता. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. "तुला पाठ होतं?" त्याने विचारलं.

"वर्षभर ऐकत्ये. बहिरी नाही मी."

तो गडग्याला टेकून उभा राहिला. मी पेज केली होती ती त्याला वाढून गडग्यावरून दिली, आणि त्याने ती तिथेच उभ्याने खाल्ली.

तेव्हापासून दिवेलागणीला मी रोज ते ठोके देते. चारू पडवीत खुर्ची टाकून बसलेला असतो. बरोबर वाजले तर तो काही बोलत नाही, थोड्या वेळाने उठून आत जातो. चुकले तर मात्र लगेच गडग्यापाशी येतो, कुठे चुकलं ते सांगतो, मग गोष्टीतून गोष्ट निघते, अनिशच्या लहानपणापर्यंत जाते आणि दोन्ही घरांतली जेवणं थंड होतात. म्हणून आठवड्यातून एकदोनदा मी मुद्दाम चुकते.